मुरड घालणारी लहान बोटं

यंदाच्या स्मरणिकेचा विषय 'आपले सण आणि पुढची पिढी' असा ठरला आणि संपादक मंडळातून फोन आला, "काकू, तुम्ही मंडळाच्या जुन्या सभासद. काहीतरी लिहाच." मी लेखिका नव्हे, इतिहासकार तर नव्हेच. पण गेली पन्नासहून अधिक वर्षं अमेरिकेत दिवाळीचा फराळ करते आहे आणि त्याआधी तो वाईला करायला शिकले. तेव्हा म्हटलं, इतिहास लिहायचाच तर फराळाचा लिहावा. त्यातही एकाच गोष्टीचा : सणाच्या स्वयंपाकात लहान मुलांचे हात कधी होते, का होते आणि मधल्या काळात ते कुठे गेले.

हा विषय डोक्यात यायला कारण आहे. दिवाळीच्या आधी एका शनिवारी आपण चर्चचं तळघर भाड्याने घेऊन सगळे मिळून फराळ करतो. गेल्या बैठकीत सूचना आली, की हा शनिवार आता बंद करावा आणि सगळा फराळ तयार मागवावा. सूचना करणाऱ्यांची बाजू मला समजते. नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या, मुलांचं सॉकर आणि पियानो, वर तळघर पुसून परत द्यायचं. शिवाय दुकानातली चकली आता खरोखरच चांगली मिळते. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. त्याआधी आपण नेमकं काय बंद करणार आहोत ते नीट पाहावं, एवढाच या लेखाचा हेतू.

पुस्तकात जिन्नस असतात, माणसं नसतात

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ साली छापलं गेलं. मराठीतल्या अगदी जुन्या छापील पाकपुस्तकांपैकी ते एक. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आलं आणि सुशिक्षित घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. त्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार! आपल्यातल्या कितीतरी जणींच्या सुटकेसमध्ये साड्यांच्या घड्यांत गुंडाळून ते इथवर आलेलं आहे.

या पुस्तकांचे उपकार मोठे. पण कृतीच्या पुस्तकाचा एक स्वभाव असतो. त्यात जिन्नस असतात, प्रमाण असतं, कृती असते. पाटावर कोण कोण बसलं होतं ते नसतं. 'कडा मुरडून घ्याव्यात' एवढ्या तीन शब्दांत करंजी संपते. ती मुरड घालायला कितव्या वर्षी आणि कोणाशेजारी बसून शिकायचं, ते लिहायची गरजच कोणाला वाटली नसणार, कारण ते घरात आपोआप होत होतं.

'रुचिरा'ची खुबी तिच्या वाटी-चमच्याच्या मापात होती. आमच्या आजीची मापं म्हणजे शेर, पायली, चिपटं, मापटं. १९५६ च्या कायद्यानंतर काही वर्षांत बाजारात शेर जाऊन किलो आला. आजीने सांगितलेलं प्रमाण नातीला कळेना. त्याच सुमारास मुली लग्न होऊन भिलाईला, दिल्लीला, कुठे परदेशात जाऊ लागल्या. शेजारी बसून शिकवणारं कोणी नाही, अशा मुलीला वाटी आणि चमचा ही भाषा कळली. 'रुचिरा' घरोघर गेली ती चांगली होती म्हणून तर खरंच. पण हाताने हाताला शिकवण्याची साखळी तेव्हाच सैल होऊ लागली होती, हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

म्हणजे मुलांचा इतिहास पुस्तकात सापडायचा नाही, तो माणसांनाच विचारायला हवा. म्हणून मी मंडळातल्या जुन्या मैत्रिणींना आणि भारतातल्या भावंडांना फोन केले. माझी स्वतःची आठवण तर होतीच.

वाईचा वाडा आणि वयाप्रमाणे काम

सहामाही परीक्षा संपायची आणि दिवाळीची चांगली तीन आठवड्यांची सुट्टी लागायची. ही सुट्टी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. १९५० च्या दशकात आमच्या घरात लहानमोठी सतरा-अठरा माणसं होती. शिवाय शेजारीपाजारी फराळाची ताटं जायची. करंज्याच दोनशेच्या वर. घरातल्या चार बायकांनी रात्री जागून केलं असतं तरी वसुबारसेपर्यंत डबे भरले नसते. म्हणून मुलांना बोलावलं जायचं. 'संस्कार' हा शब्द मी तरी त्या वेळी पाटापाशी ऐकलेला नाही. हात कमी होते, एवढंच.

आजीची वाटणी वयाप्रमाणे ठरलेली. चार-पाच वर्षांच्यांनी वेलदोडे सोलायचे, चिवड्याचं डाळं आणि दाणे निवडायचे. सहा-सात वर्षांच्यांनी कापलेले शंकरपाळे सुटे करून पसरायचे, अनारशाच्या पुरीवर खसखस लावायची. आठव्या-नवव्या वर्षी कडबोळी वळायची. दहाव्या वर्षी करंजीत सारण भरणं आणि कातण्याने कड कापणं. बारा वर्षांच्या मुलीच्या हाती लाटणं यायचं आणि तिला मुरड शिकवली जायची. तळणीपाशी मात्र मोठ्या बायकांशिवाय कोणी नाही. तिथे 'किती झाल्या?' असं विचारायचीही बंदी होती.

यातलं प्रत्येक काम खरं होतं. डाळ्यात खडा राहिला तर तो आजोबांच्या दाताखाली यायचा. कडबोळ्याची टोकं नीट चिकटवली नाहीत तर ते तेलात उलगडायचं. करंजीत सारण कमी भरलं तर तिचा खुळखुळा होतो. जास्त भरलं तर ती तळणीत फुटते आणि सगळं तूप काळं होतं. अनारशाची तर गोष्टच वेगळी. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी सावलीत वाळवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. आणि एवढं करून तुपात टाकल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, की मुलांना हसायची चोरी! आमचं काम तपासलं जायचं, वाईट झालं तर परत करायला लावायचं आणि चांगलं झालं तर ताट घेऊन जाणाऱ्या बाईला सांगितलं जायचं, "ही कडबोळी धाकटीने वळली आहेत बरं का."

नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही हा दुसरा नियम. आठ दिवस वासावर राहायचं आणि नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर आपणच वळलेलं कडबोळं ओळखून उचलायचं. त्या पहाटेची चव दुकानातल्या मालाला का येत नाही, याचं उत्तर बहुधा त्या आठ दिवसांत असावं.

मुलगे या सगळ्यात कुठे होते? किल्ल्यावर. नदीकाठची माती आणून अंगणात किल्ला करणं हे त्यांचं दिवाळीचं काम. सोऱ्या दाबायला जोर लागतो म्हणून तेवढ्यापुरती त्यांना हाक मारायची, की ते पुन्हा मावळे मांडायला पळाले. सारण, मुरड, मोहन हे शब्द माझ्या भावांना आजही ऐकूनच माहीत आहेत.

रेशनच्या रांगेतली मुलं

माझ्या आईची धाकटी बहीण गिरगावात वाढली. मुंबईत १९४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात, रेशनिंग सुरू झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. फराळातलं तिचं पहिलं काम म्हणजे पिशवी आणि कार्ड घेऊन रांगेत उभं राहणं. चाळीतली सगळी मुलं पाळीपाळीने एकमेकांसाठी नंबर धरायची. घरी आई दर आठवड्याला थोडी थोडी साखर दिवाळीसाठी बाजूला काढायची आणि तो डबा कोणी उघडत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं कामही मावशीकडेच. साजूक तुपाच्या जागी तेव्हा वनस्पती तूप येऊ लागलं होतं. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडाचे पिवळे डबे धुऊन त्यातच फराळ भरायचा. पुढे पन्नास-साठच्या दशकातही साखरेची टंचाई पुन्हा पुन्हा आली आणि मुलं पुन्हा रांगेत उभी राहिली. मावशी सांगायची, "लाडू वळायला मी नंतर शिकले, आधी साखरेची किंमत शिकले."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्मरणिकांतून आपण फराळाबद्दल लिहितो तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात घरोघरी दहा-पंधरा पदार्थ होत होते असं वाटतं. तसं नव्हतं. तेल-तूप-साखर परवडणाऱ्या घरांची ती गोष्ट. आमच्याच वाड्यात कामाला येणाऱ्या बाईची मुलगी माझ्याएवढीच होती. ती आमच्याकडे दाणे निवडायची आणि घरी जाताना पुडी न्यायची. तिच्या घरी दिवाळीला कानवले आणि शेव झाली म्हणजे सण मोठा झाला. १९७२ च्या दुष्काळात तर कितीतरी गावांत माणसं खडी फोडायच्या कामावर होती. पण त्या घरांतही पोरं मोकळी नव्हती. सरपण, पाणी, दळण हे त्यांच्याच अंगावर. सणाच्या जेवणात मुलांचा हात सगळीकडे होता, फक्त हातातलं काम वेगळं होतं.

मुरडीचा कानवला

मुरड या शब्दाला आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे : मागे वळणं. गौरी-गणपतीत तिसऱ्या दिवशी गौरी निघतात तेव्हा अनेक घरांत मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य दाखवतात. माहेरवाशिणीने मागे वळून पुन्हा यावं, हा त्यातला भाव. सासरी निघालेल्या लेकीलाही तो देतात. १९७१ मध्ये मी इकडे निघाले तेव्हा माझ्याही डब्यात आईने पाच कानवले घातले होते. मुरड बारीक, एकसारखी, आणि एका कानवल्याची मात्र ओबडधोबड. ती माझ्या सात वर्षांच्या भाचीने घातलेली. पोटात जायच्या आधी तोच कानवला मी जास्त वेळ हातात धरून बसले होते.

इंडियानातली पहिली दिवाळी

१९६५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने इमिग्रेशनचा नवा कायदा केला आणि आपले इंजिनिअर, डॉक्टर इकडे येऊ लागले. आमचे हे खिशात आठ डॉलर घेऊन विद्यार्थी म्हणून आले होते. तेवढंच परकीय चलन बरोबर आणता यायचं. दोन वर्षांनी मी आले. माझ्या सामानात पितळी सोऱ्या होता. वजन फार म्हणून साड्या कमी केल्या, पण तो आणला.

तेव्हा इथे आपलं सामान मिळायची मारामार. रव्याच्या जागी क्रीम ऑफ व्हीट, जे इथले लोक १८९३ पासून लापशी करून खात आले आहेत. मैद्याला ऑल पर्पज फ्लॉवर. पोह्यांऐवजी राइस क्रिस्पीजचा चिवडा. खव्याच्या जागी रिकोटा चीज नाहीतर दुधाची पावडर. ज्यांच्याकडे सोऱ्या नव्हता त्यांनी कुकी प्रेसने चकल्या पाडल्या. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं दुकान निघालं, तेव्हा आम्ही तीन कुटुंबं मिळून तासन्‌तास गाडी हाकत डाळी आणायला गेलो होतो.

पण सामानापेक्षा मोठी टंचाई होती हातांची. सासू नाही, जाऊ नाही, शेजारीण नाही. पाटावर मी एकटी. मग जे हात घरात होते तेच घेतले. नवरा करंजीच्या पुऱ्या लाटायला बसला. पहिल्या वर्षी त्याच्या पुऱ्यांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांचे नकाशे होते, दुसऱ्या वर्षी त्या गोल आल्या. मुलगा आणि मुलगी पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा दोघांनाही सारख्याच परातीपाशी बसवलं. मुलग्यासाठी किल्ला करायला अंगणात माती होती, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत ती गोठलेली! तळणी गॅरेजमध्ये, कारण घरात तळायला घेतलं की स्मोक डिटेक्टर बोंबलायचा. तरी सारण भाजताना तो वाजायचाच, आणि टॉवेल घेऊन त्याला वारा घालणं हे मुलाचं खास खातं होतं.

ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. ज्या ज्या मैत्रिणीला विचारलं, तिने हेच सांगितलं. वाईच्या वाड्यात जे कधी झालं नसतं ते इथे झालं : मुलगे मुरड घालायला शिकले. आम्ही काही सुधारणा करायला निघालो नव्हतो. तिथे जसे हात कमी पडले म्हणून मुली पाटावर आल्या, तसे इथे हात कमी पडले म्हणून मुलगेही आले. आज आमचा मुलगा चाळिशी ओलांडून गेला आहे. त्याच्या घरी करंजी तो करतो, सूनबाई अमेरिकन आहे, ती तळते.

मग मुलं पाटावरून उठली कधी?

माझ्या माहितीप्रमाणे ती हळूहळू उठली, १९९० नंतर. दुकानं वाढली, गोठवलेले मोदक आणि पुरणपोळ्या मिळू लागल्या, भारतातून फराळाची पार्सलं येऊ लागली. हात कमी पडणं थांबलं. त्याचबरोबर वेळ कमी पडू लागला. वर मी सुट्टी लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. वाईला फराळ जमायचा, कारण मुलांना तीन आठवडे शाळा नव्हती. इथे लक्ष्मीपूजन मंगळवारी आलं तर मंगळवारी गणिताची टेस्ट असते. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची पहिली सुट्टी मिळाली ती २०२४ मध्ये, तीही एका दिवसाची. एका दिवसात अनारशाचे तांदूळही भिजत नाहीत. म्हणूनच आपला शनिवार महत्त्वाचा. ती आपण स्वतःला दिलेली सुट्टी आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. अलीकडे आपण शनिवारी मुलांना बोलावतो, पण काम देत नाही. कणकेचा गोळा खेळायला देतो, फोटो काढतो आणि त्यांनी केलेलं नंतर गुपचूप बाजूला ठेवतो. मुलांना हे लगेच कळतं. अर्ध्या तासात ती फोन घेऊन कोपऱ्यात जातात आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना आवडच नाही. आजीने आम्हाला खेळायला गोळा दिला नव्हता. तिने सांगितलं होतं, हे पन्नास व्हायला हवेत.

माझा नऊ वर्षांचा नातू मराठी समजतो, बोलत नाही. पण गेल्या दिवाळीत त्याने मला विचारलं, "आजी, इज द मोहन हॉट इनफ?" मोहन या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला ठाऊक नाही, मलाही नाही. सारण, कातणं, मुरड, परात हे शब्द त्याच्याकडे आहेत, कारण त्या वस्तू त्याच्या हातात होत्या. रविवारच्या मराठी वर्गात शिकलेले रंग आणि फळं तो उन्हाळ्यात विसरतो. हे विसरलेला नाही.

माझं म्हणणं

सगळा फराळ घरीच करा, असं मी म्हणत नाही. चिवडा, शेव, चकली खुशाल मागवा. शनिवार मात्र ठेवा, आणि त्यात दोनच पदार्थ करा : करंजी आणि कडबोळी. दोन्हींत लहान हातांना खरं काम आहे. वयाची वाटणी आजीची घ्या, फक्त मुलगा-मुलगी हा भेद काढून टाका. तळण मोठ्यांनीच करायचं, ओढणी-पदर बांधून, मुलांना चार हात लांब ठेवून. ज्यांना दाण्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी वेगळी परात आणि वेगळी कढई, हे आजीला माहीत नव्हतं, आपल्याला माहीत आहे. आणि मुलांनी केलेल्या करंज्या दिवाळीच्या कार्यक्रमात ताटात वाढायच्या, वेडीवाकडी मुरड असली तरी. फुटलेल्या त्यांनीच खायच्या. तो त्यांचा जुना हक्क आहे.

बैठकीत मतदान व्हायचं आहे. मी येणारच आहे, तुम्हीही या. शनिवार ठरलाच तर सोऱ्या आणि चार कातणी माझ्याकडून. परातींचं मात्र कोणीतरी बघा, तळघरातल्या कपाटात तीनच उरल्या आहेत.

सर्वांना शुभ दीपावली!